पाटीवर आकडा आहे, नावं कुठायत?

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी लिहून गेलो होतो की पंचगंगेच्या काठची पोरं पहिल्या महायुद्धात इराकमधल्या टायग्रिस नदीचं पाणी पिऊन आली, काही आलीच नाहीत. दोनच ओळी होत्या. पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज आलेत की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, रागावू नका. सगळ्यांची पत्रं छापणं शक्य नाही, सहा घेतलीत.

गडहिंग्लज तालुक्यातून एक वाचक: आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. नातवानं वाचून सांगितलं, "या गावातून 32 माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या 2 जणांनी प्राण दिले." आमचे पणजोबा त्या 32 मधले असं घरात सांगतात पण पाटीवर नाव एकाचंही नाही. आणि युद्ध तर 1918 ला संपलं, मग 1919 कसं? पाटी चुकली का?

पाटी बरोबर आहे आणि शाळेचं पुस्तकही बरोबर आहे. 11 नोव्हेंबर 1918 ला सकाळी 11 वाजता तोफा थांबल्या, पण तो नुसता युद्धविराम होता, म्हणजे भांडण मिटलं नाही, फक्त दगड खाली ठेवले. तहावर सह्या झाल्या 28 जून 1919 ला, व्हर्सायच्या राजवाड्यात. भारताच्या वतीनं सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. आणि गंमत बघा, ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या ज्या खुनावरून हे सगळं पेटलं तोही 28 जूनलाच झालेला, 1914 च्या. बरोबर पाच वर्षं. आपल्या पलटणींना तर 1919 मध्येसुद्धा घरी सोडलं नाही, 1920 ला इराकमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा तो मोडायलाही भारतातलेच शिपाई वापरले.

आता नावांचं. अशा पाट्या सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण सगळीकडं आहेत, मजकूर एकाच साच्यातला, फक्त आकडा बदलायचा. साताऱ्याजवळच्या आपशिंग्यात 46 जण गेल्याचं सांगतात, त्या गावाला आज आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. माणसं मोजली पण नावं घातली नाहीत. हे गावापुरतं असतं तर म्हटलं असतं दगड लहान होता, पण इराकमध्ये बसरा मेमोरियल नावाचं जे मोठं स्मारक आहे, 40 हजारांवर माणसांचं, तिथंही तेच केलंय. गोऱ्या शिपायाचं नाव, आपल्या सुभेदार-जमादाराचं नाव, आणि साध्या शिपायांचं काय तर "आणि इतके इतर हिंदी शिपाई". दगडाची तिथं काय कमी होती? ज्यांनी हे केलं त्या, युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं 2021 मध्ये अहवाल काढून कबूल केलं की हा भेदभाव होता. शंभर वर्षं लागली.

पण नावं कागदावर आहेत. त्याच कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतं, फुकट आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्पेलिंग त्यांच्या कानाला आलं तसं, एकच जाधव चार प्रकारांनी लिहिलेला सापडेल, गावाचं नाव तर ओळखूच येणार नाही, तेव्हा पलटणीवरून शोधा, 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या मराठ्यांच्या पलटणी. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि जिल्हाही असतो. दुसरं म्हणजे तिथं फक्त मेलेले आहेत. तुमच्या पाटीवरचे 30 जण परत आले, त्यांचा तिथं मागमूस नसणार. पणजोबा परत आले असतील तर (आले असणारच, नाहीतर पणतू पत्र कुठनं लिहितोय!) शेवटचा प्रश्न वाचा, त्यात तुमचंही काम होईल.

राजारामपुरीतून एक कॉलेजचा विद्यार्थी: सर, एका रीलमध्ये बघितलं की ड्रायव्हर चुकीच्या गल्लीत वळला म्हणून महायुद्ध झालं. खरंच एवढ्या कारणावरून एक कोटी माणसं मेली?

गल्लीचं खरं आहे बाळा. साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आला होता, सकाळी एकानं बॉम्ब टाकला तो चुकला, मागच्या गाडीतले जखमी झाले, त्यांना बघायला दवाखान्यात निघाले तर ड्रायव्हरला रस्ता बदललाय हे कुणी सांगितलंच नव्हतं, तो वळला, ओरडल्यावर थांबला, आणि थांबला तो नेमका 19 वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर. दोन गोळ्या, युवराज आणि त्याची बायको दोघं गेले.

पण त्यानंतर 37 दिवस होते रे मध्ये! 28 जून ते 4 ऑगस्ट. एवढ्या दिवसांत बांधावरची भांडणं मिटतात. ऑस्ट्रियाला सर्बियाला ठेचायचंच होतं, जर्मनीनं मागनं सांगितलं तू हो पुढं मी आहे, सर्बियाच्या पाठीशी रशिया, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. आपल्याकडं पेठेपेठेतल्या तालमींचं कसं असतं, एकाच्या पोराला दुसऱ्या गल्लीत धक्का लागला की दोन्हीकडची सगळी जमतात आणि मूळ धक्का कुणाला लागला होता हे कुणालाच आठवत नाही, तसं.

तरी माझं मत विचारशील तर खरा दोषी रेल्वेचं टाइमटेबल. हसू नको. जर्मनीला एकाच वेळी पूर्वेला रशिया आणि पश्चिमेला फ्रान्स अशी दुहेरी भीती, म्हणून त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं की लढाई कुणाशीही होवो, आधी बेल्जियममधून घुसून सहा आठवड्यांत फ्रान्स लोळवायचा आणि मग गाड्या भरून रशियाकडं वळायचं. त्यासाठी जवळपास 11 हजार आगगाड्यांचं वेळापत्रक, कुठला पूल किती मिनिटांत ओलांडायचा ते सगळं लिहून तयार. 1 ऑगस्टला कैसरला, म्हणजे जर्मनीच्या राजाला, वाटलं की इंग्लंड-फ्रान्स गप्प बसतील, तेव्हा तो सेनापती मोल्टकेला म्हणाला सगळी फौज रशियाकडं फिरवा. मोल्टके म्हणाला जमणार नाही, दहा लाख माणसांचं लिहून ठेवलेलं असं ऐनवेळी बदलता येत नाही. म्हणजे राजा नको म्हणतोय आणि गाडी सुटलीय! युद्धानंतर त्यांच्याच रेल्वे खात्यातल्या एका जनरलनं पुस्तक लिहून दाखवून दिलं की गाड्या वळवता आल्या असत्या. आता काय उपयोग. बेल्जियममध्ये पाय टाकला म्हणून 4 ऑगस्टला इंग्लंड उतरलं, आणि इंग्लंड उतरलं म्हणून आपण, आपल्याला कुणी विचारलं नाही.

उद्यमनगरातून एक फाउंड्रीवाले: तुम्ही "कारखान्यांचं युद्ध" असं लिहिलं होतं. म्हणजे नक्की काय? कारखाने तर त्याआधीही होते.

होते, पण त्याआधी लढाई दोन-चार दिवसांची असायची, जिंकला हरला विषय संपला. इथं तसं झालंच नाही कारण मशीनगन मिनिटाला पाचशेवर गोळ्या झाडायची आणि समोर काटेरी तार, तीच जी अमेरिकेत गुरं आवरायला काढलेली. हल्ला करणारा मरणार आणि खंदकात बसलेला जगणार, हा हिशोब पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांना कळला, फक्त जनरल लोकांना उशिरा कळला. मग उरलं काय, तर कोण जास्त तोफगोळे ओततो.

तुमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. 1915 मध्ये इंग्लंडमध्ये गोळे कमी पडले, पेपरात बोंबाबोंब झाली, सरकार हललं, लॉइड जॉर्जला दारूगोळ्याचं वेगळं खातं दिलं. दिसेल त्या वर्कशॉपला ऑर्डर. लेथ बघितली नव्हती अशा बायका कामाला घेतल्या, टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची. माल निघाला भरपूर. 1916 च्या जूनअखेर सोम नदीच्या आघाडीवर सात दिवस सलग, जवळपास 15 लाख गोळे जर्मनांवर टाकले. आणि 1 जुलैला पोरांना सांगितलं चालत जा, पलीकडं कुणी जिवंत नाही. पण घाईघाईत काढलेल्या मालाचं जे होतं तेच झालं, फ्यूज खराब, ढिगानं गोळे फुटलेच नाहीत, तारा तशाच, जर्मन जमिनीखाली खोल खणून बसलेले ते वर आले आणि मशीनगन लावल्या. एका दिवसात 57 हजार इंग्रज शिपाई मेले किंवा जखमी, त्यातले 19 हजारांवर मेलेच. तुमच्याकडं रिजेक्शन निघालं की पार्टी माल परत पाठवते, तिथं रिजेक्शन मातीत गेलं आणि फ्रान्सचा शेतकरी अजून नांगरताना ते बाहेर काढतोय.

अजून एक, हे सगळ्या ऊसवाल्यांनी वाचा. स्फोटकाला नायट्रेट लागतं, ते जगात यायचं चिलीतून बोटीनं. इंग्रज आरमारानं समुद्र अडवल्यावर जर्मनीचा दारूगोळा वर्ष-दीड वर्षात आटायला हवा होता. आटला नाही, कारण फ्रिट्झ हाबर नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञानं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत काढली होती आणि 1913 ला त्याचा कारखानाही सुरू झालेला. तुम्ही उसाला युरियाचं पोतं फोडता ना, ती त्याच रीतीची पैदास. त्याच हाबरनं 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरिनचा विषारी वायू सोडवला. काही दिवसांत त्याच्या बायकोनं, तीही रसायनशास्त्रातली डॉक्टर, त्याच्याच पिस्तुलानं स्वतःला संपवलं. तो पुढच्या आघाडीवर निघून गेला, आणि युद्ध संपल्यावर त्याला अमोनियासाठी नोबेल मिळालं.

कागलकडच्या एक आजी (नातीनं लिहून पाठवलंय): आमचे मामंजी "कूतच्या वेढ्यात" होते म्हणायचे. परत आल्यावर मेजवानीत मटण असलं की ताटावरनं उठून जायचे. घोडा, घोडा एवढंच पुटपुटायचे. तिथं काय झालं होतं?

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पुण्याची सहावी डिव्हिजन, तिला पूना डिव्हिजनच म्हणायचे, तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1914 ला ही फौज इराणच्या आखातात उतरली ती तेलाच्या पाइपलाइनची राखण करायला आणि बसरा घ्यायला. एवढंच काम होतं. पण बसरा सहज मिळालं म्हणून वर सरकले, ते मिळालं म्हणून अजून वर, आणि बगदाद दिसायला लागल्यावर कुणाला थांबवेना. जनरल टाउनशेंड म्हणत होता की माणसं कमी आहेत, बोटी कमी आहेत, पण वरनं हुकूम आला आणि गेला. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, सगळी मदार नदीतल्या बोटींवर, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी पुरेशा पाठवल्याच नव्हत्या. नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला तुर्कांनी (इराक तेव्हा त्यांच्या ताब्यात होता) अडवलं, चार-साडेचार हजार मेले-जखमी झाले आणि उलटं फिरावं लागलं.

जखमींचं ऐकवत नाही पण सांगतो. स्प्रिंग नसलेल्या खेचराच्या गाड्यांतून मोडक्या पायांची माणसं नदीपर्यंत आणली, तिथनं बोटीनं बसऱ्याला, बरेच दिवस. मेजर कार्टर नावाचा डॉक्टर बसऱ्याला हॉस्पिटल बोटीवर होता, त्याला येणाऱ्या बोटीच्या कडेनं दोरखंड लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळलं की ते दोरखंड नाहीत, हगवण लागलेल्या माणसांना हलायला जागा नव्हती, ती घाण कठड्यावरनं खाली वाहून वाळली होती. त्यानं तक्रार केली तर त्यालाच अटकेची धमकी. पुढं चौकशी कमिशन बसलं, 1917 ला त्याचा अहवाल आला, भारत सरकारवर ठपका आला आणि लंडनमधल्या भारतमंत्र्याला, ऑस्टिन चेंबरलेनला, राजीनामा द्यावा लागला.

उरलेली फौज मागं हटत कूत-अल-अमारा या गावात शिरली, नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी वेढा घातला तो 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळपास पाच महिने. धान्य संपत आलं तसे तोफा ओढणारे घोडे आणि खेचरं मारायला लागले. गोरे शिपाई खायला लागले. आपले खाईनात, हिंदू नाही आणि मुसलमानही नाही. धर्माला सोडलं म्हणून गावानं वाळीत टाकलं तर, पोरींची लग्नं होतील का, ही भीती भुकेपेक्षा मोठी. मग भारतातल्या धर्मगुरूंकडून तारायंत्रानं परवानगी मागवली, ती आली, तरी कितीतरी जण शेवटपर्यंत नाहीच म्हणाले, काहींनी एप्रिलमध्ये अगदी मरायला टेकल्यावर खाल्लं. तोवर दिवसाला मूठभर पीठ, भाजीपाला-फळं न मिळाल्यानं होणाऱ्या स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेल्या. विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयोग जगात पहिल्यांदा तिथंच झाला, त्यात धान्य दळायला जात्याचा दगडसुद्धा टाकला होता, पण पोती निम्मी नदीत आणि तुर्कांच्या हद्दीत पडायची. बाहेरनं सोडवायला आलेल्या फौजेची 23 हजार माणसं मेली-जखमी झाली. शेवटी तुर्कांना 20 लाख पौंड देऊ केले, सोडा म्हणून, ते हसले. साधारण 13 हजार जण शरण आले.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं, हजारो वाटेतच गेले. तुमचे मामंजी त्यातनं परत आले म्हणजे काय बघून आले असतील. त्यांनी घोडा खाल्ला होता की शेजारच्याला खाताना बघितलं होतं हे आता कळायचं नाही, आणि घरच्यांनी कधी विचारलं नाही तेही बरंच केलं असं मला वाटतं. त्यांची पलटण 117 असेल तर तिला याच कामगिरीबद्दल नंतर "रॉयल" किताब मिळाला, एवढं नातीला सांगा.

शाहूपुरीतून एक शिक्षिका: वर्गात एक मुलगा म्हणाला, शाहू महाराजांनी इंग्रजांसाठी सैन्यभरती केली. काय उत्तर द्यावं? आणि माझी आजी ज्याला "मानमोडी" म्हणायची ती याच युद्धाची का?

मुलाला म्हणावं, खरं आहे, आणि पुढचंही ऐक. महाराजांनी भरतीला जोर लावला, त्यांना वाटत होतं की मराठ्यांची पोरं पलटणीत गेली की पगार, मान आणि शिक्षण घरात येईल. शिपायाला महिना 11 रुपये होते, कोरडवाहू माणसाला ते थोडे नव्हते. पण टिळकही भरती करा म्हणत होते, वर अधिकारपदं आणि स्वराज्य द्या अशी अट घालून. गांधीजी 1918 ला खेड्याखेड्यांतून खेडा जिल्ह्यात पोरं मागत फिरले. वेदोक्तावरून ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही ते टिळक आणि महाराज या एका बाबतीत एका बाजूला! तिघांनाही वाटलं इंग्रज याची जाण ठेवेल. 1919 च्या मार्चात रौलट कायदा आला आणि 13 एप्रिलला जालियनवाला बाग. मला विचाराल तर चूक भरतीची नव्हती, उधारीवर विश्वास ठेवण्याची होती. सगळ्यात जास्त फसवले गेले ते महार शिपाई, माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर 1921 ला मोडून टाकली, परत उभी राहायला 1941 उजाडलं. 1920 च्या मार्चात माणगावला, तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या, महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मांडवात बसले तेव्हा हे सगळं चालूच होतं.

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लूएंझा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरला, फौजेची ये-जा होतीच, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती भयानक. त्याच वर्षी पाऊस गेलेला, धान्य महाग. युद्धात भारताचे साधारण 74 हजार मेले, मानमोडीत सव्वा कोटीच्या आसपास गेले असं धरतात. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, असं त्याआधी-नंतर कुठल्याच दशकात इतकं ठळक दिसत नाही. त्यांच्या पाट्या कुठंच नाहीत.

शिरोळ तालुक्यातून एक वाचक: आज्जीच्या ट्रंकेत एक गोल बिल्ला सापडला, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला उघडा माणूस घोड्यावर. गुजरीत दाखवला तर चांदी आहे, वजनावर घेतो म्हणाले. विकू का?

अहो नका! तो ब्रिटिश वॉर मेडल. राजा म्हणजे पाचवा जॉर्ज. सोबत पितळेसारखा पंख असलेल्या बाईचा बिल्लाही असायला हवा, त्याच्या मागं 1914 ते 1919 लिहिलेलं असतं (गडहिंग्लजवाले, बघा, तुमची पाटी एकटी नाही), ट्रंक परत एकदा झाडून बघा. चांदीचा शिपायाला, आणि तसाच ब्रॉंझचा मिळाला असेल तर तो बहुतेक हमाल, खेचरवाले, मजूर यांच्यातला कुणीतरी, ती माणसंही हजारोंनी गेली होती, त्याला कमी समजू नका.

आता तो सपाट न धरता उभा धरा आणि उजेडात कड फिरवत बघा. कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात, नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पुसट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. चिंच, राख, पितांबरी काही लावू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. जे दिसेल ते अक्षर न् अक्षर, चुकीचं वाटलं तरी तसंच उतरवून मला पाठवा, गावाच्या नावासकट.